खडबडीत कागदाची शुभेच्छापत्रे



नाताळ अजून लांब आहे असे आपल्याला वाटते. पण ज्यांना शुभेच्छापत्रे हाताने करायची आहेत, त्यांचे काम पावसाळा ओसरला की सुरू व्हायला हवे. कागद, डिंक आणि रंग यांचे थर एकावर एक चढवायचे, आणि प्रत्येक थर नीट वाळू द्यायचा, यात घाई चालत नाही. म्हणून हा धडा आताच देत आहोत. महिला मंडळ, तरुण संघ किंवा रविवारची शाळा यांना तो तीन बैठकांत पुरा करता येईल.

या पद्धतीला चित्रकार 'ग्रंज' म्हणतात. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ मळ, कळकटपणा असा आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिॲटल शहरात जे रॉक संगीत पुढे आले त्याला हे नाव पडले, आणि पुढे फाटके कागद, अस्पष्ट अक्षरे, गंज, डाग आणि ओरखडे वापरणाऱ्या मांडणीलाही तेच नाव मिळाले. कागद, कापड, पुठ्ठा, रंग, दोरा असे अनेक पदार्थ एकाच चित्रात आले की त्याला मिश्र माध्यम म्हणतात. आपण या धड्यात दोन्ही एकत्र शिकणार आहोत.

कृतीकडे वळण्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगणे भाग आहे. या धड्याचे मूळ त्या चुकीतच आहे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी नाताळात कार्डे विकली. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केला, कडा फाडल्या, मेणबत्तीवर किंचित भाजल्या, आणि मधोमध मोबाईलवर पाहून वारली पद्धतीचा चौक काढला. मागे शिक्का मारला: 'आदिवासी कला'. ऐंशी कार्डे होती, सगळी संपली. आम्ही खूश होतो.

त्या दिवशी वसतिगृहात शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्या स्वतः वारली, जव्हारकडच्या. त्यांनी एक कार्ड उचलले आणि बराच वेळ हातात धरले. मग मला म्हणाल्या, "मावशी, हे कुणी काढलं?"

मी म्हटले, "आम्हीच काढलं, बाई. जमलंय ना?"

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण हा लग्नाचा चौक आहे. आमच्याकडे लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर काढतात. आत पालघट देवी असते. तुम्ही तो नाताळच्या कार्डावर का काढला?"

मला उत्तर सुचेना. बाईंनी कार्ड उलटे केले, शिक्का वाचला आणि हळूच विचारले, "यात आमच्यापैकी कुणी होतं का?"

कुणीच नव्हते. कागद आमचा, रंग आमचा, हात आमचा. फक्त नाव त्यांचे होते. आम्ही खोटे बोलायला निघालो नव्हतो, तरी आमच्या कार्डावर खोटे छापले गेले होते. निघताना बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या घरात जुनं काही नाही का? ते लावा की कार्डावर."

हे वाक्य आम्ही मनावर घेतले. खडबडीत पोताच्या कामाचा पहिला नियम त्यात आहे: जुनेपणाचे सोंग आणू नका, जे खरोखर वापरले गेले आहे, झिजले आहे आणि तुमचे आहे, तेच लावा.

हे काम आले कोठून

नाताळचे पहिले छापील व्यापारी कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या गृहस्थांना सर्व मित्रांना पत्रे लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र करून घेतले. सुमारे हजार प्रती छापून हाताने रंगवल्या गेल्या. मधल्या भागात मेजवानीला बसलेले कुटुंब आहे, आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देण्याची चित्रे आहेत. म्हणजे शुभेच्छा आणि मदत या दोन्ही गोष्टी पहिल्या कार्डापासूनच शेजारी शेजारी आहेत.

टाकाऊ कागदातून चित्र करण्याचा मोठा धडा जर्मनीतील हॅनोव्हर शहराच्या कुर्ट श्विटर्स यांनी घालून दिला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा देश मोडून पडला होता. १९१९ पासून श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्राचे कपटे, लाकडाचे तुकडे उचलून चिकटवू लागले. एका चित्रात बँकेच्या जाहिरातीतून फाटून आलेली 'मेर्त्स' ही अक्षरे होती. तेच नाव त्यांनी आपल्या साऱ्या कामाला दिले. नाझी सत्तेने त्यांची चित्रे 'अधःपतित कला' म्हणून हिणवली. १९३७ मध्ये ते नॉर्वेला आणि १९४० मध्ये ब्रिटनला पळाले. तेथे शत्रुदेशाचा माणूस म्हणून त्यांना आईल ऑफ मॅन बेटावरील छावणीत ठेवले, तरी हाताशी येईल त्यातून त्यांचे काम चालूच राहिले. १९४८ मध्ये इंग्लंडमध्येच ते वारले. त्यांच्या चित्रांतील तिकिटे खरोखर कुणीतरी प्रवासाला वापरलेली होती, हे आपण लक्षात ठेवू.

साहित्य

विकत आणायच्या वस्तू थोड्याच: जाड कार्डशीट, फेव्हिकॉल, दोन-तीन पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग, एक चपटा ब्रश, पॉलिश पेपर, मेणाचे खडू. बाकीचे घरातूनच गोळा करा:

• जुन्या लग्नपत्रिका, खाकी पाकिटे, खोक्यांचा नागमोडी पुठ्ठा
• कांद्याची जाळीदार पिशवी, गोणपाटाचा तुकडा, बँडेजची जाळी, सुतळी
• फळ्यावरच्या खडूंचे तुकडे, चहा पावडर, गेरू
• तुमच्या घरातील जुना कागद: एसटीची तिकिटे, किराण्याची यादी, शिवणकामाचे कागदी कटिंग, आजोबांच्या हिशेबाच्या वहीचे पान

शेवटच्या गोष्टीबद्दल सावधगिरी. मूळ पत्र किंवा वहीचे पान कधीही फाडू नका. त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सची शाई पाण्याने पसरत नाही, त्यामुळे ती चहाच्या पाण्यातही टिकते. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई मात्र बहुधा ओघळते. आणि दुसऱ्याच्या पत्रातील नाव, पत्ता, पासबुकाचा क्रमांक कार्डावर येणार नाही हे पाहा.

पहिली बैठक: कागद तयार करणे

१. ए-फोर आकाराचा कार्डशीट मधोमध कापा. प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की १०.५ × १४.८ सेंटीमीटरचे कार्ड होते. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ दाबून घ्या, म्हणजे घडी फुटत नाही. कागदालाही लाकडासारखी धाव असते. दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहा; ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने घडी घाला.

२. पोताचे काम थेट कार्डावर करू नका. पातळ पुठ्ठ्याचे ९ × १३ सेंटीमीटरचे तुकडे कापा आणि सगळे काम त्यांवर करा. शेवटी तो तुकडा कार्डावर चिकटवायचा. असे केल्याने घडीवर रंग तडकत नाही, आणि एखादा तुकडा बिघडला तर कार्डशीट वाया जात नाही.

३. कपभर पाण्यात दोन मोठे चमचे चहा पावडर उकळा. दूध-साखर नको, नाहीतर मुंग्या लागतील. कागद चुरगळून, परत उलगडून, गाळलेल्या कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवा. चुण्यांमध्ये रंग अधिक गडद बसतो. सावलीत सपाट ठेवून वाळवा.

४. ठसा उचलणे हा मुलांचा सर्वांत आवडता भाग. पातळ कागद खडबडीत वस्तूवर ठेवून मेणाचा खडू आडवा फिरवा. झाडाची साल, गोणपाट, सूप, चाळणी, काहीही चालते. आमच्याकडे सर्वांत सुंदर ठसा आला तो टाकी लावलेल्या पाट्याचा. टाकीचे एकेक टिंब कागदावर उतरले. एका आजीने तो ठसा पाहून लगेच ओळखले, "हा माझाच पाटा." या ठशावर पातळ पाणरंग फिरवला की मेणाच्या जागा कोऱ्या राहतात आणि बाकीचा कागद रंगतो.

दुसरी बैठक: पोत आणि थर

५. खडूची बारीक पूड करून चाळून घ्या. पूड उडते, म्हणून नाकाला रुमाल बांधा. एक भाग फेव्हिकॉल आणि साधारण दोन भाग पूड, थेंबभर पाणी घालून घट्ट दह्यासारखे मिश्रण करा. पुठ्ठ्यावर कांद्याच्या पिशवीची जाळी ताणून धरा, जुन्या एटीएम कार्डाने मिश्रण तिच्यावरून ओढा, आणि जाळी सरळ वर उचला. जाळीची नक्षी उठून दिसेल. थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर वाळताना तडकून सुटतो. जाळी लगेच पाण्यात टाका.

६. नागमोडी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून अर्धवट सोला. आतल्या पन्हाळी उघड्या पडतात. बँडेजच्या जाळीचे धागे काही ठिकाणी ओढून विरळ करा. हे तुकडे पुठ्ठ्यावर लावा, पण सगळे एकाच ठिकाणी नकोत. तुमचा घरचा कागद याच वेळी चिकटवा. कागद कात्रीने कापू नका. पट्टी दाबून हाताने फाडा, म्हणजे पांढरी मऊ कड मिळते.

७. भिंतीचा रंग उडाल्यासारख्या भेगा हव्या असतील तर गडद रंगाचा थर आधी पूर्ण वाळू द्या. त्यावर फेव्हिकॉल जाडसर लावा. तो बोटाला चिकटेल इतका ओला असतानाच वरून फिका रंग एकाच फटकाऱ्यात द्या. परत ब्रश फिरवू नका. वाळताना वरचा थर आपोआप फाटतो. हे पहिल्यांदा रद्दी तुकड्यावर करून पाहा; हवेतील ओलाव्याप्रमाणे वेळ बदलते.

८. आता सर्व तुकडे रात्रभर सावलीत ठेवा. उन्हात ठेवले तर पुठ्ठा वाकडा होतो.

खळ वापरणाऱ्यांसाठी सूचना: बाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुले असतील तेथे ते आणू नका. थोडी ताजी खळ करून त्याच दिवशी संपवा.

तिसरी बैठक: रंग आणि मांडणी

९. ब्रशवर अगदी थोडा रंग घ्या, तो रद्दी कागदावर पुसून टाका, आणि जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. रंग फक्त वरच्या टोकांना लागतो आणि जाळी, पन्हाळी, टिंबे सगळी दिसू लागतात. गंजाची छटा हवी असेल तर पाण्यात कालवलेल्या गेरूत फेव्हिकॉलचा थेंब घाला, नाहीतर गेरू हाताला लागत राहतो.

१०. तीनपेक्षा जास्त रंग नको. एक तृतीयांश जागा शांत सोडा. डोळा टेकेल अशी एकच गोष्ट ठेवा: तारा, पणती, एखादे बटण किंवा तिकिटावरचे गावाचे नाव. नवशिक्यांचे काम बिघडते ते कमी पडल्याने नव्हे, तर थांबता न आल्याने.

११. पॉलिश पेपर कडांवर आणि एक-दोन उंचवट्यांवर घासा. खालचा थर थोडा उघडा पडला पाहिजे. कडा मेणबत्तीवर भाजण्याची आमची जुनी रीत आम्ही सोडून दिली आहे. चिकटवलेला कागद चटकन पेट घेतो, आणि मुलांसमोर ते मुळीच करू नये.

१२. तुकडा कार्डावर चिकटवा. ओला कागद वाळताना आकसतो आणि कार्ड त्या बाजूला वळते. म्हणून आत पांढरा कागद चिकटवून ताण सारखा करा. मजकूर लिहायलाही तोच उपयोगी पडतो. पाकीट कार्डापेक्षा सर्व बाजूंनी थोडे मोठे करा, आणि टपालाने पाठवताना उंचवटे दबू नयेत म्हणून समोर साध्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा.

भिंतीकडून काय शिकावे

मग वारली चित्रांपासून आपण काहीच घ्यायचे नाही का? शिकायचे तर पुष्कळ आहे. कारवीच्या कुडाला माती आणि शेण लिंपून केलेली भिंत, तिच्यावर गेरूचा हात, आणि वर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पोत, थर आणि मोजके रंग यांचे याहून चांगले उदाहरण आपल्या राज्यात शोधून सापडणार नाही. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. तेव्हाही शेणाचा आणि गेरूचा पोत त्यांनी सोडला नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. भिंतीवर काढणाऱ्या बहुतेक सवाशिणींची नावे मात्र लिहिली गेली नाहीत.

म्हणून भिंतीकडून रीत शिकावी, चौक उचलू नये. आपल्या हातच्या वस्तूतून थर कसे उभे करावेत हे शिकणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या लग्नाची देवी आपल्या कार्डावर शोभेला आणणे वेगळे. वारली चित्रच हवे असेल तर आमचे आताचे नियम असे आहेत:

• चित्र वारली कलाकाराकडूनच घ्यावे आणि कोणते चित्र कार्डावर चालेल हे त्यांनाच ठरवू द्यावे.
• पैसे कार्डे विकल्यावर नव्हे, चित्र घेतानाच द्यावेत. धर्मादाय काम आहे म्हणून भाव पाडू नये.
• किती प्रती छापणार ते आधी सांगावे. वाढवायच्या असतील तर पुन्हा विचारावे व पुन्हा पैसे द्यावेत.
• मागे कलाकाराचे नाव आणि गाव, त्यांच्या संमतीने, लिहावे.

आपण स्वतः केलेल्या कार्डामागे आपले मंडळ, आणि पैसे कोणत्या कामाला जाणार, एवढेच लिहावे. 'आदिवासी कला' हा आमचा शिक्का आम्ही टाकून दिला.

दुसऱ्या वर्षी कार्डे कमी झाली, पण बरी झाली. एका बहिणीने गिरणीत काम करणाऱ्या वडिलांच्या हजेरी कार्डाची झेरॉक्स आणली. एकीने आईने शिवणासाठी कापलेले कागदी कटिंग लावले. त्यावर पेन्सिलने माप लिहिलेले होते. घेणारे लोक विचारत, हे कुणाचे? मग गोष्ट सांगावी लागे, आणि आदल्या वर्षी दहा मिनिटांत उरकणारी विक्री आता तासभर चाले. त्या बाई पुन्हा आल्या. पाट्याच्या ठशाचे कार्ड त्यांनी विकत घेतले. मी पैसे घेईना, तर म्हणाल्या, "मावशी, नियम दोन्हीकडून असतो." मग मी पैसे घेतले.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील कोणती वस्तू झिजलेली आहे, पण टाकवत नाही? तिची गोष्ट दोन ओळींत लिहा. तेच तुमच्या कार्डाचे पहिले साहित्य.

२. पाच हजारांना भोजन दिल्यानंतर उरलेले तुकडे गोळा करायला लावले, हा प्रसंग योहानाच्या सहाव्या अध्यायातून वाचा. उरलेल्याची किंमत कुणी ठरवायची?

३. आपण मदत करतो त्या लोकांचे चित्र, नाव किंवा कला आपण कोठे कोठे वापरतो? त्यांना विचारले आहे का?

पुढील बैठकीपर्यंत

प्रत्येकाने तीन ठसे उचलून आणावेत: एक घरातील वस्तूचा, एक झाडाचा आणि एक मंडळीच्या इमारतीतील दगडाचा किंवा दाराचा. ठशामागे जागेचे नाव लिहावे. कार्डे करून झाली की पहिले कार्ड विकू नका. ज्याला बरेच दिवसांत पत्र लिहिलेले नाही, अशा माणसाला ते पाठवा.